पांथसंमित उपदेश : शीळफाट्यावरील एका वाक्प्रकाराचा विचार

१

काव्यप्रयोजनांची चर्चा करताना मम्मटाने उपदेशाच्या तीन रीती सांगितल्या. वेद प्रभूसारखा सांगतो, पुराणेतिहास मित्रासारखे सांगतात आणि काव्य कांतेसारखे सांगते. अकराव्या शतकातील ही त्रयी मराठी समीक्षेत इतक्या वेळा उद्धृत झाली आहे, की तिच्यात दडलेले एक गृहीत सहसा नजरेस येत नाही. प्रभू, सुहृद आणि कांता हे तिघेही ऐकणाऱ्याच्या ओळखीचे आहेत. आज्ञा मोडली तर दंड आहे, मित्राचे ऐकले नाही तर मैत्रीला ओरखडा आहे, कांतेचे ऐकले नाही तर रुसवा आहे. म्हणजे उपदेशाचे बळ शब्दांत येण्याआधीच नात्यात साठलेले असते. ज्याचे नाव ठाऊक नाही, ज्याच्याशी कसलाही संबंध नाही आणि जो उद्या पुन्हा भेटेलच असे नाही, अशा माणसाच्या सांगण्याला या त्रयीत जागा नाही.

व्यवहारात मात्र संसाराचे, नोकरीचे आणि पैशाचे कितीतरी प्रश्न अशाच माणसापुढे मांडले जातात. भाड्याची खोली कुठे मिळेल, मुलाला कोणत्या कारखान्यात चिकटवावे, भिशीत पैसे टाकावेत का, सोने आता मोडावे की थांबावे, सासूच्या औषधाला दर महिन्याला लागणारा खर्च कसा भागवावा, हे प्रश्न घरातल्यांना न विचारता बसथांब्यावर शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारले जातात. या बोलण्याला ‘गप्पा’ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु तसे केले की एका मोठ्या वाक्प्रकाराकडे पाठ फिरते. मम्मटाच्या त्रयीला जोडून त्यास ‘पांथसंमित उपदेश’ असे नाव देता येईल: वाटेत भेटलेल्या पांथस्थाने दिलेला, नात्याचे पाठबळ नसलेला सल्ला.

मिखाइल बाख्तीन यांनी वाक्प्रकारांचे प्राथमिक आणि दुय्यम असे दोन वर्ग कल्पिले. रोजच्या संभाषणातील निरोप, विनंती, चौकशी हे प्राथमिक प्रकार होत. कादंबरी, नाटक, शास्त्रीय प्रबंध हे दुय्यम प्रकार प्राथमिकांना पोटात घेऊन वाढतात. ही मांडणी मान्य केली, तर अनोळखी माणसाला विचारलेला सल्ला हा साहित्याच्या बाहेरचा विषय उरत नाही. ज्या मातीतून कथनाचे काही प्रकार उगवतात ती माती कशी आहे, हे पाहण्याचा तो प्रश्न होतो. प्रस्तुत लेखात या वाक्प्रकाराची घडण एका विशिष्ट स्थळाच्या आधारे तपासायची आहे, आणि तो खरा ठरण्याची व फसण्याची अट कोणती हे शोधायचे आहे.

२

ते स्थळ म्हणजे शीळफाटा. मुंब्र्याहून पनवेलकडे जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला या परिसरात महापे बाजूचा रस्ता आणि कल्याणकडचा रस्ता येऊन मिळतात. शीळ हे गाव ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. कल्याणच्या दिशेने निघाले की डायघर, खिडकाळीचे शिवमंदिर आणि पुढे डोंबिवली-कल्याणचा पसारा लागतो. एका अंगाला ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा, दुसऱ्या अंगाला तळोजा, तिसऱ्या अंगाला डोंबिवलीची औद्योगिक वसाहत. या तिन्हींकडे कामाला जाणारा माणूस या परिसरात उतरतो, गाडी बदलतो आणि पुढच्या गाडीची वाट पाहतो.

‘फाटा’ या शब्दाला मराठीत दोन अर्थच्छटा आहेत. मुख्य रस्त्यापासून वेगळी वाट निघते ती जागा, ही एक. आणि ‘फाटे फोडणे’ या प्रयोगात दिसणारी शंकाकुशंकांची, सरळ चाललेल्या बोलण्याला वळण देण्याची, ही दुसरी. गावाच्या पारावर बसलेला माणूस कोणाचा कोण हे सर्वांना ठाऊक असते. तिथे विचारलेला प्रश्न संध्याकाळपर्यंत घरी पोचतो. फाट्यावर उभा असलेला माणूस मात्र थोड्या वेळात निघून जाणार असतो. पाराला स्मृती आहे, फाट्याला नाही. स्मृतीच्या या अभावामुळेच फाट्यावर बोलता येते.

जर्मन समाजचिंतक गेओर्ग झिमेल यांनी १९०८ साली ‘परका’ या सामाजिक आकृतीचे जे विवेचन केले, त्यात नेमके हेच निरीक्षण आहे. जवळच्यांपासून कसोशीने लपवलेल्या गोष्टी परक्यापुढे सहज उघड होतात, कारण ऐकणारा त्या गोष्टीत गुंतलेला नसतो. या निरीक्षणाला मराठी कुटुंबव्यवस्थेच्या संदर्भात आणखी एक पदर जोडावा लागेल. इथे आप्त हा केवळ सल्लागार नसतो. तो हिस्सेदार, जामीनदार, प्रसंगी सावकारही असतो. थोरल्या भावाला ‘घर घ्यावे का?’ असे विचारणे म्हणजे घरासाठी पैसे साठले आहेत हे त्याला कळवणे. मेहुण्याला ‘नोकरी सोडावी का?’ असे विचारणे म्हणजे सासरी चिंतेचा निरोप धाडणे. आप्ताला विचारलेला प्रश्न ही नुसती चौकशी राहत नाही, ती आपोआप एक घोषणा होते. पांथस्थाला विचारलेला प्रश्न प्रश्नच राहतो.

३

या प्रश्नाची बांधणी लक्षपूर्वक पाहिली, तर तिच्यात चार घटक वारंवार आढळतात. पुढील उदाहरणे नमुन्यादाखल घेतली आहेत. या परिसरातील बोलणे कानावरून गेलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटतील.

पहिला घटक संबोधनाचा. ‘दादा, एक विचारू का?’, ‘ताई, तुम्ही इकडच्याच का?’, ‘मावशी, जरा सांगता का?’, आगरी बोलीत ‘दादूस’. ज्याच्याशी नाते नाही त्याला एका वाक्यापुरते नाते बहाल केले जाते. मम्मटाचा सुहृद इथे खराखुरा नसतो, तो उच्चारातून उभा केला जातो. हे नाते खोटे आहे हे दोघांनाही ठाऊक असते आणि तरी ते पाळले जाते. ‘दादा’ म्हणवून घेतलेला माणूस मुद्दाम चुकीची वाट दाखवायला कचरेल, एवढीच या संबोधनामागची अपेक्षा असते.

दुसरा घटक कर्त्याच्या लपंडावाचा. ‘आमच्या ओळखीतल्या एकाला खोली घ्यायची आहे’, ‘एकाचे असे झाले आहे’. स्वतःची अडचण तृतीयपुरुषात ढकलली जाते. ऐकणाराही समजून उमजून ‘त्यांना सांगा’ असे उत्तर देतो. प्रथमपुरुषी अनुभवाचे तृतीयपुरुषी कथन ही कथनमीमांसेत सूक्ष्मपणे चर्चिली जाणारी युक्ती आहे. इथे ती अब्रू झाकण्याच्या गरजेतून आपोआप जन्मते.

तिसरा घटक आकड्याच्या धूसरपणाचा. पैशाचा प्रश्न असूनही रक्कम नेमकी सांगितली जात नाही. ‘थोडेफार डिपॉझिट आहे’, ‘दोन-तीनमध्ये बसेल का?’. हे दोन-तीन हजार की लाख, हे संदर्भावरून ओळखायचे असते. नेमका आकडा उच्चारला की पांथस्थ आप्त होऊ लागतो, किंवा दलाल.

चौथा घटक तपशिलाच्या निवडीचा. वेळ थोडा असतो. गाडी येणार असते. विचारणाऱ्याला सबंध संसार सांगता येत नाही आणि काहीच न सांगता सल्लाही मागता येत नाही. माणसे किती, पगार रोजावर की महिन्यावर, गावाकडे पैसे पाठवावे लागतात का, पाणी नळाचे हवे की टँकर चालेल, अशा चार-पाच तपशिलांत एक घर उभे करावे लागते. कथेच्या काटेकोरपणाविषयी समीक्षक ज्या अपेक्षा करतात त्यांतील बऱ्याच अपेक्षा हा प्रश्न पुऱ्या करतो. प्रश्न हीच इथे कथा असते. तिचा शेवट तेवढा बाकी असतो आणि तो परक्याकडे मागितलेला असतो.

वाल्टर बेन्यामिन यांनी १९३६ साली कथेकऱ्याविषयी लिहिताना सल्ल्याची जी कल्पना मांडली, तिचा इथे उपयोग होतो. त्यांच्या मते सल्ला हा प्रश्नाला दिलेल्या उत्तरापेक्षा, उलगडत असलेली गोष्ट पुढे कशी न्यावी याविषयीची सूचना अधिक असतो. म्हणून सल्ला मागण्यासाठी आधी आपली गोष्ट सांगता यावी लागते. अनुभवाची देवाणघेवाण आटल्यामुळे आधुनिक माणूस सल्ल्याला पारखा झाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. फाट्यावरील व्यवहार या निष्कर्षाला पूर्णपणे दुजोरा देत नाही. तिथे अनुभव आटलेला नाही, तो तुकड्यातुकड्याने फिरतो आहे.

उत्तराचीही स्वतंत्र बांधणी आहे. पांथस्थ ‘अमुक करा’ असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, ‘आमच्या शेजारी एकाने असे केले होते...’ आणि एक छोटी कथा सांगतो. ती बहुधा नुकसानीची असते. लाभाची कथा सांगणारा माणूस दलाल समजला जातो. शेवटी मात्र एक ठरलेले वाक्य येते: ‘बघा बुवा, तुमचं तुम्ही ठरवा.’ या वाक्यात जबाबदारी झटकणे आहे, हे उघडच आहे. पण प्रभू असे कधी म्हणत नाही, आणि आप्त म्हणाला तर त्यात रागाची छटा असते. समोरच्याचा निर्णय हा त्याचाच आहे हे निर्विकारपणे मान्य करणारे हे बोल परक्याकडूनच ऐकायला मिळतात. पांथसंमित उपदेशाचा मोठेपणा आणि त्याचा धोका ही दोन्ही या एका वाक्यात एकत्र नांदतात.

४

हा धोका मराठी साहित्याने फार लवकर ओळखला होता. जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे १८५५ सालचे नाटक या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि पुढे सव्वाशे वर्षांच्या आसपास ते अप्रकाशित राहिले. त्याचा विचार बहुधा ब्राह्मणी वर्चस्वाच्या चिकित्सेच्या अंगाने होतो आणि ते योग्यच आहे. पण नाट्यकृतीचा सांगाडा पाहिला, तर ते अनोळखी माणसाकडून घेतलेल्या घरगुती सल्ल्याचे नाटक आहे. कुणब्याच्या दारी जोशी येतो. घरातील बाई गरोदर आहे. जोशी आपण होऊन विषय काढतो, ग्रहांची भीती घालतो आणि शांतीच्या, ब्राह्मणभोजनाच्या नावाखाली त्या जोडप्याला ऐपतीबाहेरच्या खर्चात उतरवतो.

या जोशाच्या भाषेत पांथसंमित उपदेशाची लक्षणे उलटी झालेली दिसतात. प्रश्न विचारण्याआधीच उत्तर तयार आहे. ‘तुमचे तुम्ही ठरवा’ या वाक्याला जागा नाही. न ठरवल्यास अनर्थ होईल अशी धमकी आहे. वाटेवरचा परका प्रभूची वाणी चोरतो आणि वेदाचा अधिकार पुढे करून बोलतो. उपदेशाच्या रीतींची ही भेसळ फुले यांनी संवादांतून उघडी केली. नाटकात आणखी दोन परके आहेत. पाद्री दुसरी बाजू समजावतो, पण त्याचाही एक धर्म आहे, म्हणून त्याचे सांगणे सर्वस्वी निर्हेतुक मानता येत नाही. संवादांच्या मध्ये येऊन भाष्य करणारा विदूषक हा तिसरा परका; त्याला कोणाकडून काही घ्यायचे नाही. निर्हेतुक परक्याची जागा फुले यांनी विदूषकाला द्यावी, हे सूचक आहे. जगात असा परका विरळाच, नाटकात तो ठेवता येतो.

नाटकाचा शेवट ते जोडपे रात्रीच्या शाळेत शिकायला जाण्याचे ठरवते तिथे होतो. विद्या हा तिसरा डोळा. फुले यांचा निष्कर्ष स्पष्ट आहे: चांगला सल्लागार शोधणे हा फसवणुकीवरचा उपाय नव्हे, स्वतः वाचता येणे हा उपाय. एकोणिसाव्या शतकातील ही भूमिका पुढील विवेचनात पुन्हा तपासावी लागणार आहे.

छापखान्यानंतर परक्याच्या सल्ल्याला नवे माध्यम मिळाले. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये येऊ लागली, त्यांत सल्ला भरपूर आहे, पण कोणी विचारलेला नाही. गृहजीवनातील सल्ल्याच्या बाबतीत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ (१९१०) आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) ही पुस्तके महत्त्वाची. घरातली थोरली बाई हाताखालच्या सुनेला ‘अंदाजाने मीठ घाल’ असे सांगू शकते, कारण तो अंदाज शेजारी उभा राहून शिकवता येतो. वाचक अनोळखी झाला की अंदाज चालत नाही. ‘रुचिरा’तील वाटी-चमच्याची मापे ही परक्या वाचकाला उद्देशून केलेल्या भाषेची अपरिहार्य निर्मिती आहे. नाते गेले की माप येते, असा नियमच यातून मांडता येईल. ज्या नवविवाहितेची सासू-आई दूर राहिली, तिला हे पुस्तक परक्या घरातली पण विश्वासाची बाई म्हणून भेटले.

विचारणारा आणि सांगणारा हे दोघेही परके असताना काय घडते, याचे उदाहरण र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७ ते १९५३) या मासिकात मिळते. वाचक आपले खाजगी प्रश्न पत्राने पाठवीत आणि कर्वे त्यांना उत्तरे देत. घरात ज्याचा उच्चारही अशक्य, ते एका न पाहिलेल्या माणसाला लिहिता येत होते. १९३४ साली अशाच प्रश्नोत्तरांबद्दल कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. तरीही कर्व्यांना दंड झाला. या खटल्याचा वाङ्मयीन अर्थ असा, की परक्याला विचारण्याचा अधिकार हा आपोआप मिळालेला नाही. काही प्रश्न घराबाहेर नेणे हाच गुन्हा मानला गेला होता. फाट्यावरचा माणूस आज जी मोकळीक सहज वापरतो, तिच्यामागे असाही इतिहास आहे.

५

या मोकळिकीची एक मर्यादा इथेच नोंदवली पाहिजे. परका उत्तर देण्याआधी उलट प्रश्न विचारतो: ‘तुम्ही कुठले?’, ‘गाव कोणतं?’, ‘आडनाव काय?’ सल्ल्याच्या दृष्टीने या माहितीची गरज फारशी नसते. खोलीला गळती आहे की नाही हे आडनावावर अवलंबून नाही. तरी हा प्रश्न येतो आणि त्याच्या उत्तरावर सल्ला बदलतो. झिमेल यांचा परका हा समाजाच्या जाळ्याबाहेर उभा आहे. मराठी वाटेवरचा परका आडनाव कळताक्षणी जाळ्यात परत ओढला जातो.

बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेचा कणा याच उलट प्रश्नावर उभा आहे. नोकरीच्या परगावी आलेल्या नायकाला राहायला जागा हवी आहे. जागेचा प्रश्न वरवर साधा, कोणीही कोणाला विचारावा असा. परंतु जात सांगितल्याशिवाय जागा नाही, आणि जात सांगितली तर जागा नाहीच. पांथसंमित उपदेशाची पहिली अट, म्हणजे विचारणाऱ्याने अनाम राहू शकणे, ही सर्वांना सारखी उपलब्ध नाही. सवर्ण विचारणाऱ्याला अनामपण फुकट मिळते. बागुलांच्या नायकाला ते चोरावे लागते. कथेच्या शीर्षकातील क्रियापदाचे वजन या अंगाने आणखी वाढते.

शीळफाट्याच्या परिसरात या अटीला आणखी एक इतिहास येऊन मिळतो. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींनंतर शहरातील अनेक मुसलमान कुटुंबे मुंब्रा-कौसा भागात येऊन राहिली. ‘खोली कुठे मिळेल?’ या प्रश्नाचे उत्तर रस्त्याच्या कोणत्या बाजूला बोट दाखवून दिले जाते, यात तेव्हापासून नावाचा हिशेब मिसळलेला आहे. सल्ला देणारा हे मुद्दाम, वाईट हेतूने करतो असे नाही. बहुतेकदा ‘तुम्हाला तिकडे बरे पडेल’ असे आपुलकीनेच सांगितले जाते. पण भूगोलाच्या रेषा अशा आपुलकीच्या वाक्यांनीही पक्क्या होत जातात.

६

४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधील एक इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. सात मजले उभे होते आणि आठव्याचे काम चालू होते. इमारत अनधिकृत होती. वरचे काम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर माणसे राहत होती. मृतांत मजूर होते, लहान मुले होती.

वाङ्मयसमीक्षेने या घटनेपुढे जपून बोलले पाहिजे. त्या माणसांनी तिथे राहायला जाण्यापूर्वी कोणाला काय विचारले, हे आता जाणता येणार नाही, आणि त्यांनी विचारायला हवे होते असे म्हणणे हा क्रूरपणा होईल. मात्र ज्या वाक्प्रकाराचा इथे विचार चालला आहे, त्याच्या कक्षेत कोणते प्रश्न येतात आणि कोणते येत नाहीत, हे तपासणे आवश्यक ठरते. भाडे किती, डिपॉझिट किती, पाणी कधी येते, स्टेशनला जायला गाडी मिळते का, हे प्रश्न फाट्यावर विचारता येतात. ‘मंजूर नकाशा दाखवा’, ‘जमीन कोणाच्या नावावर आहे?’, ‘सातबारा पाहू’, ‘पाया कोणी तपासला?’ हे प्रश्न त्या भाषेत बसत नाहीत. ते विचारण्यासाठी विचारणाऱ्याच्या अंगी एक अधिकार असावा लागतो, आणि तो अधिकार खिशातल्या पैशांच्या प्रमाणात येतो. रोजंदारीवरच्या माणसाने मालकाकडे मंजूर नकाशा मागितला, तर खोली दुसऱ्याला जाते. मागे दुसरा उभा असतो, आणि त्याच्यामागे तिसरा.

यातून एक कठोर गोष्ट हाती लागते. अशा खोलीची स्वस्ताई ही जागेच्या लांबी-रुंदीवरून ठरलेली नसते. काही प्रश्न न विचारण्याचा मोबदला म्हणून ती मिळालेली असते. भाड्यात जी सूट असते ती मौनाची किंमत असते. पांथस्थही हे जाणतो. ‘स्वस्त आहे, घेऊन टाका’ असे तो म्हणतो तेव्हा ‘स्वस्त’ या शब्दात न विचारलेले सगळे प्रश्न जमा झालेले असतात. त्याला खोटे बोलायचे नसते. त्याला भिंत दिसते, रंग दिसतो, नळ दिसतो. पाया त्यालाही दिसत नाही. पांथसंमित उपदेशाची मर्यादा ही दृष्टीच्या टप्प्याची मर्यादा आहे. दोघांनाही जे दिसू शकते तेवढ्यापुरताच तो विश्वासार्ह असतो.

इथे फुले यांच्या तिसऱ्या डोळ्याकडे परत जावे लागते. डोळ्यांना दिसत नाही ते कागदावर दिसते, म्हणून वाचायला शिकावे; हा १८५५ चा उपाय २०१३ नंतरही अचूक वाटतो. २०१७ साली महाराष्ट्रात स्थावर संपदा प्राधिकरण, म्हणजे महारेरा, आले आणि वाटेवरच्या सल्ल्यातही नवे वाक्य शिरले: ‘रेरा नंबर बघून घ्या.’ परक्याच्या शहाणपणात कागदाचे शहाणपण मिसळले, ही मोठी प्रगती होती. पण त्यानंतर कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचे प्रकरण पुढे आले. महानगरपालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून या बांधकामांची महारेराकडे नोंदणी करून घेतली गेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यांत घरे घेतलेल्या माणसांना कोणी अडाणी म्हणू शकणार नाही. त्यांच्यासमोर नोंदणीचा क्रमांक होता, तो वाचता येत होता, आणि तरी ती फसली.

‘तृतीय रत्ना’तील कुणबी वाचता येत नव्हते म्हणून फसला, डोंबिवलीतला खरेदीदार वाचता येत असूनही फसला. या दोन फसवणुकींमधले अंतर हा आधुनिकतेच्या कथेतला एक महत्त्वाचा तुटलेला दुवा आहे. जोशी ज्याप्रमाणे वेदाचा अधिकार पुढे करून बोलत होता, त्याप्रमाणे बनावट कागद शासनाचा अधिकार पुढे करून बोलतो. दोन्हीकडे परका प्रभूची वाणी चोरतो. फरक इतकाच, की जोशाला ओळखणारा विदूषक नाटकात होता. कागदाच्या शेजारी उभा राहून हसणारा कोणी नव्हता.

७

मग पांथसंमित उपदेशाचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करायचे? सल्ला खरा ठरला की खोटा, हा निकष पुरेसा नाही. परक्याचा सल्ला खरा ठरला की नाही हे पाहायला परका तिथे नसतो, आणि चांगला सल्ला मिळूनही माणसे फसतात. क्षेमेंद्राने काव्याला लावलेले औचित्याचे तत्त्व इथे अधिक कामाचे आहे. विचारणाऱ्याची परिस्थिती, त्याचा वकूब आणि सांगणाऱ्याच्या माहितीचा टप्पा यांचा मेळ सल्ल्यात बसला आहे का, असे विचारता येते. पण औचित्यालाही एक भर घालावी लागेल. सल्ला ऐकल्यानंतर विचारणाऱ्याजवळ पुढचा प्रश्न तयार होतो की नाही, ही ती भर.

जोशाचा सल्ला ऐकल्यावर कुणब्याजवळ प्रश्न उरत नाही, भीती उरते. ‘स्वस्त आहे, घेऊन टाका’ या सल्ल्यानंतर प्रश्न उरत नाही, घाई उरते. ‘रेरा नंबर बघून घ्या’ या सल्ल्यानंतर एक प्रश्न निर्माण होतो, परंतु क्रमांक सापडताच तो मिटतो. याउलट ‘आमच्या शेजारी एकाने असे केले होते, त्याने आधी तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढला; तुम्हीही विचारून बघा’ असे सांगणारा पांथस्थ एक पुढची वाट दाखवतो. त्याच्या ‘बघा बुवा’ या शेवटच्या शब्दांत हात झटकणे आहे, तशीच ‘बघा’ ही एक सूचनाही आहे: पाहा, तपासा, आणखी कोणाला तरी विचारा. एकाच वाक्यात ही दोन वळणे असतात आणि कोणते उचलायचे हे ऐकणाऱ्याच्या परिस्थितीवर ठरते. ज्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे आहे, ज्याच्या हातात सामान आहे आणि कडेवर मूल आहे, त्याला दुसरे वळण उचलण्याइतकी सवड क्वचितच मिळते.

म्हणून या वाक्प्रकाराच्या समीक्षेला केवळ त्याच्या बांधणीचे कौतुक करून थांबता येत नाही. मम्मटाच्या तीन रीतींत सांगणाऱ्याचा अधिकार आधीच ठरलेला होता. चौथ्या रीतीत तो कोणाचाच नाही, आणि हीच तिची लोकशाही आहे. पण अधिकार सांगणाऱ्याजवळ नसला तर तो विचारणाऱ्याजवळ तरी असायला हवा. दोघांजवळही नसेल, तर मधल्या रिकाम्या जागेत दलाल, जोशी किंवा बनावट शिक्का येऊन उभा राहतो. ‘नकाशा दाखवा’ हे वाक्य भाड्याची खोली शोधणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘पाणी किती वाजता येते?’ या वाक्याइतके सहज येईल, तेव्हा परक्याचा सल्ला हा खऱ्या अर्थाने सल्ला होईल. तोवर शीळफाट्यावर ‘दादा, एक विचारू का?’ असे म्हणून सुरू होणाऱ्या प्रश्नात, उच्चारलेल्या प्रश्नाबरोबर न उच्चारलेला प्रश्नही वाचणे, हे समीक्षेचे काम राहील.